दोन्ही डाव्या हाताचे

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

नवी पेठ, सोलापूर
बुधवार, ता. ३ जानेवारी १९३४

रा. रा. तिप्पण्णा दाजी यांस, मु. लष्कर,
रुद्रप्पाचा नमस्कार, शरणार्थी.

इकडे सगळे खुशाल. तिकडेही खुशाल असाल असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तुमचं दुकान माझ्या दुकानापासून चालत पाव तासावर, तरी टपालाचा खर्च करतो आहे. कारण तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही असं मी एकदा बोलून बसलोय, आणि मी माझा शब्द पाळतो. तुमच्या शब्दांची गोष्ट पुढे येईलच.

आधी हिशेब. मडमच्या हातमोज्यांच्या त्या एका जोडीला खरं काय लागलं ते तुम्हाला कळायला हवं, कारण आपल्या दोघांकडे ये-जा असलेल्या शरणप्पांजवळ तुम्ही म्हणालात म्हणे, "दोन हातमोजे ते काय, वीतभर कापडाचं काम." तर ऐका. साटन मडमचं. पांढरं रेशीम दोन रिळं. बारीक सुया अर्धा डझन, त्यातल्या चार मोडल्या. मोत्याची बटणं सहा. कंदिलाची एक काच. माझ्या दुकानातले सहा दिवस, ज्यांत दुसरं कुठलंही काम हललं नाही. हेमाक्काच्या डाव्या हाताची दोन बोटं, अजून सुजलेली आहेत. आणि तुमच्या दुकानाचं एक गिऱ्हाईक, जे आता परत यायचं नाही. हा शेवटचा आकडा मी खर्चात धरत नाही.

तुम्ही म्हणाल, सगळं याला कळतं कसं? दाजी, माझे कान तुम्हीच तयार केलेत. अक्काच्या लग्नामागोमाग मी वळसंगहून तुमच्याकडे काम शिकायला आलो, तर तुम्ही मला इस्त्रीच्या टेबलाखाली बसवलंत दोरे वेचायला. तिथून माणसं दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. ड्रिल कापताना कात्री खाकरते, मलमल कापताना कुजबुजते, आणि मालक खोटं बोलायच्या आधी एकदा घसा साफ करतो, हे सगळं मी तिथं शिकलो. त्यातून मडमची आया राजाबाई आमच्या वळसंगची. तिला बोलायला कुणीतरी लागतंच.

काम पहिल्यांदा तुमच्याकडे आलं होतं. एकतीस तारखेला क्लबात नाच, आणि सगळ्यांनी जुन्या काळचे पोषाख घालून यायचं. मिलच्या मॅनेजरसाहेबाच्या मडमला तिच्या आजीसारखं नटायचं होतं. आजीची तसबीर तिनं तुम्हालाही दाखवली असेल. कोपराच्या वर चढलेले पांढरे हातमोजे, दंडावर चुण्या, मनगटाशी फट, फटीला तीन बटणं. जेवायच्या वेळी बटणं सोडायची, पंजा फटीतून बाहेर काढायचा आणि हातमोज्याची बोटं मनगटात खोचून ठेवायची. अक्काला हे फार आवडलं. म्हणाली, "आजी शहानी असनार. नटनं बी ऱ्हायलं आन जेवन बी."

तुम्ही काय केलंत? साटनचे दोन पदर एकावर एक ठेवलेत, दोन्हींची चकाकती बाजू वर, आणि एकदमच कात्री चालवलीत. खाकीत हे चालून जातं. खाकीला उलट-सुलट नसल्यात जमा, एक तुकडा पालथा घातला की झाला उजवा. वीस वर्षं फौजदारांचे कोट बेतलेल्या हाताला तीच सवय. पण साटनची एक बाजू चकाकते आणि दुसरी विझलेली असते. तुमचे दोन्ही हातमोजे डाव्या हाताचे निघाले. त्यातही सरळ पन्ह्यात कापलेले. तिरपं, उरेब कापलं की साटन अंगाबरोबर ताणतं हे तुम्हीच मला झंपराच्या बाह्यांवर शिकवलं होतंत. शिकवणारा विसरला, शिकणारा नाही.

राजाबाई सांगत होती, "लई रडली की वो मडम! दोनी डावेच! आन टाचून घालून बघितला तर हात असा ताठ, सलाम ठोकल्यावानी. एक बोट वाकंल तर शपत. बटलर हसला, त्येला सायबानं भाईर हाकलला."

मग तीच मडम उरलेलं साटन घेऊन माझी पायरी चढली. मी म्हटलं, होईल. कसं होईल ते मला माहीत नव्हतं. पण "होईल" म्हणायला मी नवी पेठेत भाडं भरतो.

मडमनं तिचा एक फाटका कातडी हातमोजा आणला होता. अक्कानं तो उसवला आणि तुकडे सतरंजीवर मांडले. पंजाचा एक मोठा, पुढचा-मागचा सलग. अंगठा वेगळा. दोन बोटांच्या मधे भिंतीसारख्या अरुंद पट्ट्या. आणि प्रत्येक बेचक्यात शंकरपाळ्याच्या आकाराचा, पण हरभऱ्याच्या डाळीएवढा एक तुकडा. तो नसला तर बोटं फाकत नाहीत, फाटतात. अक्का ती डाळ चिमटीत धरून किती वेळ बघत बसली. मग म्हणाली, "रुद्रा, सगळं हितं हाय बग."

माप कोण घेणार? मडमच्या बोटाला मी हात लावायचा नाही. तुम्ही लांबून टेप धरलात आणि काय झालं ते झालं. म्हणून अक्का बंगल्यावर गेली. व्हरांड्यात तिनं आपला पंजा उभा धरला आणि मडमला खुणावलं. मडमनं आपला पंजा त्यावर टेकवला, बोटाला बोट. अक्काची करंगळी किंचित लांब, बाकी सारखं. तिथून सहा दिवस अक्काचा हात हाच मडमचा हात होता. एक बोट शिवून झालं की स्वतःच्या बोटावर चढवायची, वाकवून बघायची, उतरवायची.

त्याच हाताविषयी तुम्ही जे बोलला होतात, ते आता लिहितो. तुम्ही विसरला असाल. मी टेबलाशी होतो, हातात इस्त्री होती, आणि दुकानात दहा माणसं होती. इनामदारांच्या मुलाच्या लग्नाचा कोट जळाला होता. कशानं जळाला ते तुम्हाला ठाऊक आणि तुमच्या विडीला ठाऊक. तुम्ही घसा साफ केलात आणि म्हणालात, "हिच्या हाताला यश न्हाई. घरात पाळना न्हाई, दुकानात बरकत न्हाई. हात लावंल ते नासतंय."

दुसऱ्या दिवशी पेटीसकट तिला वळसंगच्या गाडीत बसवलीत. मीही त्याच गाडीत बसलो. तुम्हाला वाटलं पोरगं चार दिवसांत परत येईल. पुढे मी नवी पेठेत दुकान काढलं आणि अक्काला घेऊन आलो. नऊ वर्षं झाली. तेव्हापासून लष्करातले साहेब म्हणतात की तिप्पण्णाच्या कोटांची काजं पहिल्यासारखी राहिली नाहीत. पहिली काजं कुणाची होती, हे त्यांना कोण सांगणार? तुम्ही दुसरं लग्न केलंत आणि पाटीवर "अँड सन्स" घातलंत. नव्या मंडळींबद्दल मी काही बोलत नाही, त्या गरीब आहेत. पण ते सन्स मी नऊ वर्षं शोधतो आहे. दिसले तर कळवा, झबली शिवून पाठवीन.

असो. साटन थोडं होतं आणि उरेब कापायला कापड जास्त लागतं. अक्कानं कोपराच्या वर जोड दिला आणि तो चुण्यांत दडवला. शोधून दाखवा. बोटं, बेचकी, अंगठे, काजं हे तिनं हातानं केलं. लांब शिवण मात्र माझी. मनगटापासून दंडापर्यंत, मशीनवर, एका दमात, दोन्ही हातांना. उरेब साटनवर मशीन चालवणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. कापड पायाखालून सरड्यासारखं पळतं. माझी एक चुणी आली नाही. सोलापुरात अशी शिवण घालणारा दुसरा असेल तर मला दाखवा, मी त्याच्या हाताखाली राहीन.

नाचाच्या दिवशी राजाबाई मडमची शाल घेऊन क्लबाच्या पायऱ्यांवर होती. तीन मडमांनी आमच्या मडमचा हात धरून उलटसुलट बघितला. कुणीतरी विचारलं, पुण्याहून मागवले का? मडम म्हणाली, "नवी पेठ." दाजी, लष्कर नाही. नवी पेठ.

आणि दुसऱ्याच दिवशी शरणप्पा तुमचा निरोप घेऊन माझ्या दारात. झालं गेलं विसरा, हेमावतीला नांदायला पाठवा. नऊ वर्षं बायको आठवली नाही, साटन दिसल्यावर आठवली! जज्जसाहेबांच्या मडमनंही हातमोज्यांची चौकशी केली आहे, हे तुमच्या कानावर गेलं असणार.

माझं उत्तर असं. तुम्ही स्वतः यायचं. शरणप्पांच्या आडून नाही. मंगळवारी, बाजारच्या दिवशी, माझ्या पायरीवर उभं राहून, गिऱ्हाइकांदेखत ते शब्द परत घ्यायचे. मग बघू. अक्का माझ्या शब्दाबाहेर नाही. मी जा म्हटलं तर जाईल, थांब म्हटलं तर थांबेल. आणि मला घाई नाही. माझं दुकान माझ्या दोन हातांवर उभं आहे, त्यात कुणाच्या उपकाराचा एक टाका नाही.

गड्ड्याच्या यात्रेची गर्दी सुरू झाली की बाजार भरलेला असतो. तेव्हा आलात तर उत्तम.

आपला मेहुणा, आणि आता कुणाच्याही टेबलाखाली नसलेला,
रुद्रप्पा


॥ श्री ॥

नवी पेठ, सोलापूर
गुरुवार, ता. १८ जानेवारी १९३४

तिप्पण्णा दाजींस शरणार्थी.

संक्रांत झाली. तिळगूळ पाठवत नाही, कारण पुढचं वाक्य खोटं म्हणावं लागेल.

परवा तुम्ही आलात. खरं सांगतो, येणार नाही असंच वाटलं होतं. तुमचा तो करकरणारा बूट मी कोपऱ्यावरच ओळखला आणि तिप्पट वेगानं मशीन मारायला लागलो. तुम्ही पायरीवर उभे राहिलात. दुकानात पाच-सहा बायका, बाहेर पानवाल्याकडे तेवढेच बाप्ये, आणि रस्त्यानं गड्ड्याला जाणारी माणसं. तुम्ही काहीतरी पुटपुटलात. मी कानामागे हात धरला.

"मोठ्यानं बोला दाजी, मशीनचा आवाज हाय."

सगळ्या पेठेला ठाऊक आहे की तीन दुकानं पलीकडे सुई पडली तर मला कळतं. पानवाला हसलेला तुम्ही ऐकलात. तुम्ही पुन्हा बोललात. मी म्हटलं, "कुनाच्या हाताला? नाव घ्या की." तेव्हा तुम्ही घसा साफ न करता ओरडलात, "हेमावतीच्या हाताला यश न्हाई, हात लावंल ते नासतंय, आसं मी बोललो व्हतो! ते शब्द मागं घेतो!"

त्या वेळी मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटत नाही. नऊ वर्षांची उधारी वसूल झाली असं वाटलं. तुमचा फेटा घामानं भिजला होता. जानेवारीत! तो भिजलेला फेटा मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि तुम्हीही विसरू नका.

मग अक्का आतून आली. तुम्ही म्हणालात, "हेमा, चल घरी." तिनं तुम्हाला आधी पाण्याचा तांब्या दिला. तुम्ही प्यालात. ती म्हणाली, "सांगून धाडते." तुम्ही गेलात. एवढं तुम्हाला माहीत आहे.

गड्डा यंदा चांगला भरला. जनावरांचा बाजारही चांगला झाला म्हणतात. पाळण्यांना ही गर्दी. मी दोन तास फिरून आलो, चिरमुरे-भजी खाल्ली, नंदीध्वजांची मिरवणूक पाहिली. थंडी बरीच आहे.

तुम्ही गेल्यावर काय झालं तेही लिहायला हवं.

त्या बायकांत कस्तुराबाई म्हणून एक होत्या. मुलीच्या लग्नाचे झंपर अक्काकडे टाकलेले, शालूच्या काठाचे, अक्कानं त्यावर पाच दिवस घातले होते. त्या बाई नवीन. त्यांना तुमचं-आमचं काहीच ठाऊक नव्हतं. तुमची पाठ वळल्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आन्ना, ते झंपर जेवडे झालेत तेवडे द्या."

मी म्हटलं, बाई, दोन दिवसांत पुरे होतात.

"ऱ्हाऊ द्या. लेकीचं लगीन हाय. मनात किल्मिष नगं."

"अहो, त्यांनी शब्द मागं घेतला की तुमच्यादेखत!"

"घेतला की. पर आदी बोलल्याला व्हता, व्हय का न्हाई?"

झंपर घेऊन गेल्या. एका बाहीला टाचणी तशीच होती. काल आणखी दोन घरची माणसं आपापलं लग्नाचं कापड घेऊन गेली. ती मंगळवारी दुकानात नव्हती. म्हणजे गोष्ट त्यांच्यापर्यंत चालत गेली. आज सकाळी पानवाल्याची बायको चोळी शिवायला आली, ती मला म्हणाली, "बाईच्या हातची नगं, तुमीच शिवा." अक्का पडद्याआड होती.

दुपारी तिनं माझ्या मशीनचं चाक हातानं थांबवलं. एवढ्या वर्षांत कधी केलं नव्हतं. म्हणाली, "त्येनं एकदा बोलला, दहा मानसांत. त्यातली निम्मी मेली आसतील, निम्मी इसरली. तू काय केलंस? बाजारच्या दिशी तेच त्येच्या तोंडून तीनदा वदवून घेतलंस. ज्येंला ठाव नव्हतं त्येंला बी कळलं."

मी म्हटलं, अक्का, मी तुझ्यासाठीच केलं.

"माझ्यासाटी? मला इचारलंस?"

मी पुढे काहीतरी बोलणार होतो. तिनं हात वर केला. "साकु," म्हणाली. पुरे.

दाजी, माझं मत अजून बदललेलं नाही. विष तुमचंच. तुम्ही ते पहिल्यांदा बोलला नसतात तर मला तिसऱ्यांदा ऐकायची गरज पडली नसती. पण "मोठ्यानं बोला" हे माझे शब्द होते, आणि अक्का ते विसरायला तयार नाही. ती परवापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. कात्री दे. इस्त्री बघ. दोरा संपला.

तुम्हाला उत्तर ती स्वतः देणार आहे. काय, ते मला सांगितलेलं नाही.

कळावे,
रुद्रप्पा


॥ श्री ॥

नवी पेठ, सोलापूर
मंगळवार, ता. २० फेब्रुवारी १९३४

दाजींस शरणार्थी.

तुमची प्रकृती बरी नाही असं शरणप्पा सांगत होते. लवकर बरी व्हावी. हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. तुम्ही अंथरुणात असलात की मला तुमच्यावर नीट रागावता येत नाही.

अक्का तुमच्याकडे येत नाही. हे तुम्हाला तिच्याकडून कळलं असेलच, पण माझ्याकडूनही कळावं अशी माझी इच्छा होती. ते वाक्य मी नऊ वर्षं मनात घोटून ठेवलं होतं. वेगळ्या शाईनं लिहिणार होतो.

तिचं ठरलं ते असं. स्टेशनकडच्या बाजूला, रेल्वेच्या लोकांची घरं संपतात तिथं, एक खोली आणि ओटा भाड्यानं मिळाला. राजाबाईच्या ओळखीनं. संक्रांतीनंतर दहा-बारा दिवसांनी ती सकाळी उठली, देवाला फूल वाहिलं, आणि ज्या पेटीसकट तुम्ही तिला गाडीत बसवलं होतंत तीच पेटी काढली. मी म्हटलं, कुठं? तिनं सांगितलं. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, भाऊ असताना बहीण वेगळी राहते? ती म्हणाली, "लोक काय म्हंत्यात त्ये तूच बाजारात ऐकवलंस की. आता आनखी काय म्हननार?"

पेटी मी उचलली. ती म्हणाली, जड आहे, हमाल बघ. मी म्हटलं, मीच हमाल. त्यावर ती जराशी हसली. गेल्या महिनाभरात तेवढंच.

खोलीत मशीन नाही. घेऊन देतो म्हटलं तर नको म्हणाली. मडमनं जज्जसाहेबांच्या मडमला सांगितलं, तिनं आणखी कुणाला. लांब हातमोज्यांच्या तीन जोड्या झाल्या, आता झालरी आणि काजं. लग्नाचं काम कुणी आणत नाही. आणणारही नाहीत, निदान बरीच वर्षं. ते मी तिच्या तोंडावर बोलत नाही. ती बोलते. म्हणते, "मडमच्या हातमोज्याला आन फौजदाराच्या कोटाला हातगुन लागत न्हाई. तेवडं काम बास हाय मला." हे ती सुई ओवताना म्हणते, वर न बघता. म्हणून तिचा चेहरा मला अजून दिसलेला नाही.

आता फौजदाराच्या कोटांविषयी.

परवा दुपारी मी तिच्याकडे गेलो. माझ्याकडे सध्या काजांना माणूस नाही. दोन ठेवून पाहिले. एकाचं काज म्हणजे उंदरानं कुरतडलेलं भोक, दुसऱ्याचं म्हणजे शिवून बंद केलेला डोळा. आठ कोट अडले, तेव्हा गठ्ठा उचलला आणि गेलो. बहीण आहे, लगेच करून देईल असं धरून गेलो होतो. ओट्यावर आधीच एक गठ्ठा पडला होता. खाकी ड्रिल. मला कापड ओळखायला कात्री लागत नाही. कॉलरचा बेतही ओळखला, दहा वर्षं मी त्याच कॉलरीवर इस्त्री फिरवली आहे.

म्हणजे तुम्हीही.

मी म्हटलं, "हे कुनाचं?" ती म्हणाली, "तुला वाचाया येतंय की." गठ्ठ्याला तुमच्या दुकानाची चिठ्ठी होती, अँड सन्ससकट.

मला इतका संताप आला, की ज्या माणसानं हा हात नासका म्हणून गावभर केला, त्याचं काम तू करतेस, असं मी विचारलंसुद्धा. तिनं विचारलं, "गावभर कुनी केला?" मी माझा गठ्ठा दुसऱ्या काखेत घेतला. ती म्हणाली, "दोगं बी दर तेवडाच देताय. आदी त्येचं आलंय, आदी त्येचं हुईल. बसायचं तर बस, न्हाईतर ठिवून जा."

मी बसलो. ओट्यावर तुमच्या कोटांशेजारी माझे कोट, आणि त्यांच्याशेजारी मी.

बसल्या बसल्या पाहिलं. तुमची काजं झाली की तुमच्या गठ्ठ्यावर एक पुडकं बांधून ठेवायचं होतं तिला. उघडून दाखवलं. मडमनं रागानं राजाबाईच्या अंगावर फेकलेले तुमचे ते हातमोजे. तुमचाच काप, तुमचंच साटन, सरळ पन्ह्यातलं. अक्कानं ते उसवून पुन्हा पुरे केले आहेत. बोट न् बोट, बेचकं न् बेचकं, अंगठे, मोत्याची बटणं, आतून रेशमाची गोट. माझ्या हयातीत मी इतकं सुंदर काम पाहिलं नाही. दोन्ही डाव्या हाताचेच, कारण कापलेलं बदलता येत नाही. सोबत चिठ्ठी नाही. त्यावर मी एक झणझणीत वाक्य जुळवलं होतं आणि या पत्रात घालणार होतो. अक्का म्हणाली, "काय लिवू नगस." म्हणून लिहीत नाही. पुडकं उद्या-परवा मिळेल. दुकानात लावायचे की ट्रंकेत ठेवायचे, ते तुमचं तुम्ही बघा. कुणाच्याही हातात मात्र चढायचे नाहीत.

मला वाटलं होतं की तुमची मान खाली गेलेली बघितली की माझं काम संपलं. बघितली. आणखी बघायची इच्छा अजून आहे, ते खोटं का बोलू? पण आता तुमच्यासमोर उभं राहायला मला तिच्याच ओट्यावर यावं लागेल. तिथं भांडण केलं तर ती दोघांचेही गठ्ठे रस्त्यावर ठेवील. तसं तिनं मला बजावलं आहे. तुम्हालाही बजावलं असेल तर सांगू नका.

तेव्हा बरे व्हा, उठा, आणि काजं घ्यायला स्वतः या. शरणप्पांना पाठवू नका. मी मंगळवारी दुपारी असतो.

आपला, ओट्यावर तुमच्या मागचा,
रुद्रप्पा

ता. क. पहिल्या पत्रात मी मडमच्या हातमोज्यांची लांब शिवण माझी म्हणून लिहिली होती. राजाबाईकडून काल कळलं की ती चुणीनं भरली होती. अक्कानं दोन्ही हातांची उसवली आणि पुन्हा हातानं घातली, माझ्यापासून चार हातांवर बसून. मशीन चाललं असतं तर मी ऐकलं असतं. हातसुईला आवाज नसतो. त्या जोडीत मशीनचा एकही टाका नाही.